मानशीचे दार आणि मासळीचा वाटा

गेल्या महिन्यात मडगावात छोट्या गुंतवणूकदारांची एक बैठक झाली. विषय होता कंपन्यांच्या संचालकांना पगाराशिवाय मिळणारे स्टॉक ऑप्शन. एका वक्त्याने रापणीचा दाखला दिला. किनाऱ्यावर जाळे ओढणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो, म्हणून तो जीव तोडून ओढतो. मग कंपनी ओढणाऱ्या संचालकाला शेअरमध्ये वाटा का नको? सभागृहात टाळ्या पडल्या. उत्तर द्यायला उठलेल्या गृहस्थांनी आकडे वाचून दाखवले, कोणत्या संचालकाला किती कोटी मिळाले आणि त्याच कंपनीतल्या मधल्या फळीतल्या कर्मचाऱ्याला किती, आणि 'ही सरळसरळ लूट आहे' असे म्हणून ते खाली बसले. त्यांनाही तेवढ्याच टाळ्या. मी फोंड्याला ३५ वर्षे अकाउंटन्सी शिकवली. घरी परतताना बसमध्ये सारखे वाटत राहिले की एवढा चांगला विषय दोघांनीही हातचा घालवला. पहिल्या वक्त्याने रापणीचा अर्धाच हिशेब सांगितला होता. दुसऱ्यांनी रकमेवर बोट ठेवले होते, आणि रक्कम निम्मी केली तरी ज्या दोषाबद्दल मला बोलायचे आहे तो जागच्या जागी राहतो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. ज्याच्या हाती कंपनीचे निर्णय आहेत, त्याला स्टॉक ऑप्शन देऊ नयेत. इंजिनिअरांना, कारखान्यातल्या कामगारांना, विक्री करणाऱ्यांना जरूर द्यावेत. संचालकाला चांगला पगार द्यावा, हवा तर आजच्यापेक्षा जास्त द्यावा. त्यातून त्याने आपल्यासारखेच बाजारभावाने शेअर विकत घ्यावेत आणि पद सोडल्यावरही काही वर्षे ते सांभाळावेत. ऑप्शन मात्र नको.

ऑप्शन म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढे कधीतरी शेअर घेण्याची मुभा. भाव वर गेला तर मुभा वापरायची आणि मधला फरक आपला. भाव पडला तर ती वापरायची नाही, बस. खिशातला एक रुपयाही जात नाही. आता रापणीकडे बघू. जाळे रिकामे आले तर ओढणारा रिकाम्या हाताने घरी जातो. पहाटेपासूनचा घाम वाया जातो, चूल कशी पेटवायची हा प्रश्न त्याच्याच घरी उभा राहतो. तो नफ्याचा वाटेकरी आहे तसा तोट्याचाही आहे. ऑप्शन घेतलेल्या संचालकाला महिन्याचा पगार चालूच असतो आणि रिकाम्या जाळ्याशी त्याचा काही संबंध नसतो. एवढा फरक असताना दोघांना एकाच दोरीला बांधणे हा रापणकारांवर अन्याय आहे.

ऑप्शनला खरे जवळचे उदाहरण आपल्याकडे आहे, पण ते किनाऱ्यावर नाही, खाजनात आहे. माझ्या मामांची दुर्भाटला खाजन शेती होती. नदीचे खारे पाणी थोपवणारा बांध आणि त्या बांधात बसवलेली मानस. भरती आली की पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतले पाणी बाहेर सोडतात. पिढ्यान् पिढ्या खाजनात कोरगुट हे खारे पाणी सोसणारे भात पिकले ते या दारांच्या शिस्तीवर. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरण्याच्या हक्काची मात्र पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि जास्त बोली लावणाऱ्याला ठरावीक मुदतीसाठी तो हक्क मिळतो. त्याच्या जागी बसून विचार करा. भरतीला दार मुद्दाम अडवून जितके उघडे ठेवाल तितके पाणी आत येईल, पाण्याबरोबर सुंगटे (कोळंबी) आणि मासळी येईल, ओहोटीला जाळे तितके भरेल. मासळी त्याची. खारावलेली शेते दुसऱ्यांची. जोराने आतबाहेर करणाऱ्या पाण्याने बांधाचा पाया खचला, तर दुरुस्तीचा खर्च गावाचा किंवा सरकारचा. मामांच्या शेतात एका वर्षी असेच पाणी शिरले. पुढची दोन वर्षे भात धड उभे राहिले नाही. सारा वाडा त्या बोलीवाल्याला शिव्या देत होता. मामा मात्र म्हणायचे, "मानशीचें दार आनी नुस्तें एकाच्याच हातांत दिल्यार दुसरें कितें जातलें?" म्हणजे, दार आणि मासळी एकाच्याच हातात दिली तर दुसरे काय होणार?

त्यांच्या त्या प्रश्नात सगळे आले. बोली लावणारा वाईट माणूस असण्याची गरजच नव्हती. फायदा एकाचा, धोका दुसऱ्यांचा आणि दार फायदेवाल्याच्या हातात, अशी मांडणी केली की साधा, देवभीरू माणूसही दार थोडे जास्त वेळ उघडे ठेवू लागतो, आणि त्याला ते चोरीसारखे वाटतही नाही.

हेच कंपनीत कसे घडते ते आकड्यांत मांडते. वर्गात मी असेच मांडत असे. शेअरचा भाव ५०० रुपये. संचालकाकडे ५०० रुपये भावाचे १ लाख ऑप्शन. त्याच्यासमोर दोन योजना आहेत. पहिलीत भाव जवळजवळ खात्रीने ५५० होईल. दुसरीत निम्मी शक्यता ७०० ची, निम्मी ३०० ची. तुम्ही-आम्ही भागधारक म्हणून पाहिले तर दुसऱ्या योजनेची सरासरी ५०० येते, म्हणजे पहिलीपेक्षा ५० रुपयांनी कमी, आणि झोप उडते ती वेगळीच. संचालकाला पहिल्या योजनेत ५० लाख मिळतात. दुसरीत भाव ७०० झाला तर २ कोटी, ३०० झाला तर शून्य. सरासरी १ कोटी. म्हणजे मालकाला तोट्याची असलेली योजना कारभाऱ्याला दुप्पट फायद्याची ठरते. ऑप्शनची किंमत काढण्याच्या कोणत्याही सूत्रात हेच दिसेल: भावाचे हेलकावे जितके मोठे तितका ऑप्शन मौल्यवान. ज्याच्या हातात सुकाणू आहे त्याला वादळाचे बक्षीस लावण्यात कसले शहाणपण आहे?

'पण भाव पडला तर त्याचेही ऑप्शन कवडीमोल होतात, ही शिक्षाच नव्हे का?' असे त्या सभेत एका तरुणाने विचारले. प्रश्न प्रामाणिक होता. पण न मिळालेले बक्षीस आणि गमावलेली पुंजी या दोन गोष्टी एक नव्हेत. उलट ऑप्शन पाण्याखाली गेले, म्हणजे बाजारभाव ठरलेल्या भावाच्या खाली गेला, की धोका वाढतो, कारण आता संचालकाला गमवायला काहीच उरलेले नसते आणि एखादा मोठा डावच त्याला वर काढू शकतो. शिवाय आपल्या नियमांत आणखी एक वाट आहे. बाजारात भाव पडल्यामुळे ऑप्शन निरर्थक झाले, तर भागधारकांचा विशेष ठराव घेऊन त्यांचा भाव नव्याने, खाली, ठरवता येतो. ज्याने ते शेअर बाजारातून घेतले, त्याच्या खरेदीची किंमत कोणी नव्याने ठरवून देते का?

आता विरुद्ध बाजूचे जे खरोखर जड आहे, त्याकडे येते. त्यातला पहिला मुद्दा मी कधीच नाकारला नाही. नुसत्या पगारावरचा व्यवस्थापक मालकाच्या पैशाने स्वतःचे साम्राज्य उभारतो, नको त्या कंपन्या विकत घेतो आणि धोका टाळत खुर्ची उबवतो. मायकल जेन्सन आणि केविन मर्फी या अमेरिकी अभ्यासकांनी १९९० मध्ये हेच म्हटले होते: किती देता यापेक्षा कसे देता हे महत्त्वाचे. त्यांचा हा मुद्दा मडगावच्या आकडे वाचणाऱ्या गृहस्थांपेक्षा कितीतरी खोलवर जातो. १९९३ मध्ये अमेरिकेने मोठ्या अधिकाऱ्यांच्या १० लाख डॉलरवरच्या पगाराची करवजावट बंद केली, पण कामगिरीशी जोडलेला मोबदला त्यातून वगळला. ऑप्शनचा पूर आला. पुढे काय झाले? २००१ मध्ये एन्रॉन ही बडी ऊर्जा कंपनी बुडाली. वरच्या अधिकाऱ्यांनी ऑप्शनचे शेअर आधीच विकून पैसे केले होते, आणि साध्या कर्मचाऱ्यांची निवृत्तीची बचत त्याच शेअरमध्ये अडकून मातीमोल झाली. फुगलेला शेअर व्यवस्थापकांसाठी हेरॉइनसारखा असतो, असे पुढे स्वतः जेन्सनच सांगू लागले. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने कर्मचाऱ्यांना ऑप्शन देणे थांबवून थेट शेअर द्यायला सुरुवात केली. 'कसे द्यावे' या योग्य प्रश्नाचे उत्तर म्हणून जगाने ऑप्शन निवडला, ती निवड चुकली.

आणि ती चुकली याचा मला सर्वांत ठोस वाटणारा पुरावा २००५ चा आहे. आयोवा विद्यापीठातले प्राध्यापक एरिक ली ऑप्शन दिल्याच्या तारखा तपासत होते. त्यांना दिसले की ऑप्शन नेमके अशा दिवशी दिले जातात, ज्याच्या आधी भाव घसरलेला असतो आणि ज्याच्यानंतर चढत जातो. एखाद्या कंपनीत एकदा घडले तर नशीब म्हणू. पण हजारो वेळा? उलगडा साधा होता. बऱ्याच ठिकाणी तारीख मागाहून, भावाचा आलेख समोर ठेवून, टाकली जात होती. युनायटेडहेल्थ या आरोग्यविमा कंपनीच्या प्रमुखाला यापायी २००६ मध्ये पद सोडावे लागले, आणि पुढच्या वर्षी त्याने तडजोडीत कोट्यवधी डॉलर परत केले. खटल्यांपेक्षाही मला यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तारीख ही संचालकाच्या हाताशी असलेल्या अनेक दोऱ्यांपैकी एक. वाईट बातमी आधी द्यायची की ऑप्शन मिळाल्यावर, नवा करार केव्हा जाहीर करायचा, यंत्रांची दुरुस्ती या वर्षी करायची की पुढच्या, लाभांश द्यायचा की बायबॅक करायचा (कंपनीच्या पैशाने तिचेच शेअर परत विकत घ्यायचे), या सगळ्या दोऱ्या त्याच्याच हातात आहेत. लाभांशाचेच बघा. लाभांश वाटला की भाव तेवढा खाली येतो, आणि ऑप्शन असलेल्याला लाभांश मिळत नाही. साहजिकच त्याला बायबॅक गोड लागतो. आपल्याकडे लाभांशावर घरखर्च भागवणारे कितीतरी निवृत्त लोक आहेत. त्यांच्या ताटातला घास कमी करण्यात कारभाऱ्याचा फायदा असावा, ही कसली भागीदारी?

नशिबाबद्दल गोव्यात कोणाला वेगळे सांगायला नको. २००४ नंतर चीनमधून लोहखनिजाला मागणी आली आणि डिचोली, सत्तरी, सांगे, केप्यात जे घडले ते आपण डोळ्यांनी पाहिले. खनिजाचे भाव बीजिंगमुळे चढले. इथल्या कोणाच्या हुशारीने नव्हे. खनिज काढणारी जगातली कोणतीही कंपनी त्या काळात आपोआप वर गेली असती, आणि तिच्या संचालकांकडे ऑप्शन असते तर त्यांना दैवाचे बक्षीस कर्तृत्व म्हणून मिळाले असते. मग २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला, खाणी बंद झाल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले. त्या पडझडीत खरा तोटा कोणी सोसला? कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांनी आणि बार्जवाल्यांनी. घर गहाण ठेवून ट्रक घेतलेला माणूस चढतीचा भागीदार होता तसाच उतरतीचाही झाला, बँकेचा हप्ता त्याला कोणी नव्या भावाने लावून दिला नाही. ब्रिटनमध्येही १९९० च्या दशकात असेच झाले होते. पाणी आणि विजेच्या सरकारी कंपन्या स्वस्तात बाजारात आणल्या गेल्या, त्यांचे शेअर चढले, आणि नळाला पाणी कालच्याइतकेच येत असताना संचालक ऑप्शनवर श्रीमंत झाले. लोकक्षोभ एवढा वाढला की १९९५ मध्ये ग्रीनबरी समिती नेमून संचालकांच्या मोबदल्याचे नियम लिहावे लागले.

दुसरा जड मुद्दा नव्या कंपन्यांचा. रोकड नाही, पगार द्यायला पैसे नाहीत, मग उद्याच्या आशेवर माणसे कशी आणायची? पर्वरीत किंवा पणजीत चार मुले मिळून काही सुरू करतात तेव्हा हा प्रश्न खरा असतो. म्हणूनच ईसॉपला, म्हणजे कर्मचाऱ्यांना ऑप्शन देण्याच्या योजनेला, माझा विरोध नाही. इन्फोसिसने १९९४ मध्ये अशी योजना आणली आणि साध्या पदांवरच्या माणसांचीही घरे उभी राहिली, हे अभिमानाने सांगितले जाते आणि सांगावेच. पण त्या कथेतला एक तपशील नेहमी गळतो: संस्थापकांनी स्वतः ऑप्शन घेतले नव्हते. त्यांच्याकडे शेअर होते. शेअर चढला तर फायदा, पडला तर नुकसान, चारचौघांसारखे. संस्थापकाला आणखी ऑप्शन कशाला हवेत?

रोकड नाही म्हणून पद आणि उद्याची कमाई बक्षीस देण्याची रीत गोव्याला जुनी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात गोव्यातून चालणाऱ्या पोर्तुगीज कारभारात होर्मुझ, मलाक्का, सोफाला इथल्या किल्ल्यांची कप्तानी सेवेचे बक्षीस म्हणून तीन-तीन वर्षांसाठी दिली जाई. पगार बेताचा, खरी कमाई त्या जागेवरच्या व्यापारातून. लोक आपली पाळी येण्याची वर्षानुवर्षे वाट बघत. पाळी आली की तीन वर्षांत आयुष्याची बेगमी करायची. व्यापाऱ्यांना पिळायचे, शिबंदीचे पैसे आणि तटबंदीची डागडुजी पुढच्यावर ढकलायची. गोव्याच्या दप्तरखान्याचा पहिला रखवालदार दियोगु द कोतु याने या लोभावर कडवटपणे लिहून ठेवले आहे. होर्मुझ १६२२ मध्ये गेले, मलाक्का १६४१ मध्ये. डच आणि इंग्रजांचे बळ हे त्याचे मोठे कारण, हे खरेच. पण ज्याला तीन वर्षांनी निघून जायचे आहे तो तटाला चुना कशाला लावेल? आजच्या बहुतेक योजनांत ऑप्शन तीन-चार वर्षांत पूर्ण हातात येतात. कारखाना, ब्रँड, खाण किंवा बँक यांचे आयुष्य त्याहून फार मोठे असते.

राहिला कायद्याचा मुद्दा. 'सगळे उघड आहे, सगळे मंजुरीने होते, मग तक्रार कशाची?' आपला कायदा याबाबतीत अर्धी वाट चालला आहे, आणि ती अर्धी वाट माझ्याच बाजूची साक्ष देते. जानेवारी २००९ मध्ये सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमुखाने हिशेबातल्या हजारो कोटींच्या खोटेपणाची कबुली दिली. त्याच्या काही आठवडे आधी, स्वतंत्र म्हणवणाऱ्या संचालकांसह त्या मंडळाने प्रमुखाच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घेण्याला होकार दिला होता. पुढे २०१३ चा कंपनी कायदा आला आणि त्याने कारभारावर नजर ठेवण्यासाठी बाहेरून नेमलेल्या स्वतंत्र संचालकांना ऑप्शन देण्यास मनाई केली. राखणदाराला भावाच्या चढउतारात गुंतवले तर तो डोळे मिटून घेईल, हे कायद्याने मान्य केले. प्रवर्तकांना, म्हणजे कंपनी उभारून तिचा ताबा ठेवणाऱ्यांना, आणि १० टक्क्यांहून जास्त शेअर असलेल्या संचालकांनाही साधारणपणे ईसॉप मिळत नाहीत. मग दाराशी प्रत्यक्ष उभ्या असलेल्या पूर्णवेळ संचालकाला का मिळावेत? राखणदाराला जो मोह होईल तो दार हलवणाऱ्याला होणार नाही, असे कोणते कारण आहे? मान्यताप्राप्त स्टार्टअप कंपन्यांना तर प्रवर्तकांवरच्या आणि मोठा वाटा असलेल्या संचालकांवरच्या मनाईतून १० वर्षांची सूट आहे. २०२५ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, आणखी एक खिडकी उघडली: कंपनी बाजारात आणताना प्रवर्तक ठरणारे संस्थापक, अर्जाच्या किमान एक वर्ष आधी मिळालेले ऑप्शन आता पुढेही ठेवू शकतात. त्याच वर्षी पेटीएमच्या संस्थापकांना २ कोटी १० लाख ऑप्शन सोडून द्यावे लागले आणि सेबीशी झालेल्या तडजोडीत तीन वर्षे नवे ऑप्शन न घेण्याचे मान्य करावे लागले. २०२१ च्या नोव्हेंबरात ज्यांनी तो शेअर २,१५० रुपयांना घेतला, त्यांची पुंजी पहिल्याच दिवशी चतुर्थांशाहून जास्त घटली होती. त्यांच्यासाठी कोणती तडजोड झाली?

उघडपणाचेही तसेच. अमेरिकेत ऑप्शनचा खर्च नफ्यातून वजा करावा असे हिशेबतज्ज्ञ म्हणू लागले, तेव्हा १९९४ मध्ये तिथल्या सिनेटने ८८ विरुद्ध ९ मतांनी त्याला विरोध केला. ती सक्ती व्हायला २००४ उजाडावे लागले. आपल्याकडे आता हा खर्च हिशेबात दाखवावा लागतो, पण नव्या कंपन्यांची पत्रके उघडा: 'ईसॉपचा खर्च धरण्याआधीचा नफा' असा आकडा ठळक छापलेला दिसेल. पगार धरण्याआधीचा नफा असे माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले असते, तर मी त्याला गुण दिले नसते.

उरली मंजुरी. विशेष ठरावाला विरोधाच्या तिप्पट मते लागतात, हे ऐकायला भरभक्कम वाटते. प्रत्यक्षात छोट्या भागधारकांतले फार थोडे मत देतात. वजन असते ते प्रवर्तकांचे आणि म्युच्युअल फंडांचे. फंडांचे म्हणजे आपले, महिन्याला दोन हजारांची एसआयपी भरणाऱ्या सगळ्यांचे. २०२२ पासून फंडांना प्रत्येक ठरावावर मत देणे बंधनकारक आहे, आणि कोणते मत का दिले तेही जाहीर करावे लागते. मडगावच्या बैठकीनंतर मी माझ्या फंडाचा गेल्या तिमाहीचा तक्ता उघडला. पूर्णवेळ संचालकांना ऑप्शन देण्याच्या ठरावांसमोर 'बाजूने' असे लिहिले होते आणि कारणाच्या रकान्यात प्रत्येक वेळी तेच वाक्य: ठराव नियमांना धरून आहे. मी त्यांना पत्र पाठवले आहे. भाव पडला तर या संचालकांच्या खिशातून काय जाईल आणि ते निघून गेल्यावर बांधाची दुरुस्ती कोण करील, एवढे दोनच प्रश्न त्यात आहेत. पुढच्या तिमाहीचा तक्ता आला की कारणाचा रकाना मी पुन्हा वाचणार आहे.